वजनदार स्वार, दगडी वाट आणि मागचा टायर: आठ महिन्यांनंतर

आधी सायकलीची मांडणी, म्हणजे पुढचे आकडे कशावर बेतलेत ते कळेल. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), २९ इंची चाकं, रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटर. स्वाराचं वजन १०८ किलो, पाठीवरची पिशवी आणि पाणी धरून ११३ च्या घरात. वाट सुट्या दगडांची, मधे उघडा कातळ, पाऊस झाला की चिखल. पुढे २.५ इंच रुंदीचा साध्या ट्रेल केसिंगचा (केसिंग म्हणजे टायरच्या रबराखालचं कापड) टायर, मागे २.४ इंचाचा दुपदरी केसिंगचा. दोन्ही ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं द्रव सीलंट. याआधी मागेही ट्रेल केसिंगच होतं आणि त्या टायरची नक्षी शाबूत असतानाच बाजू चिरली होती.

निकाल लगेच सांगून टाकतो: मागे दुपदरी केसिंग लावणं पूर्णपणे वसूल झालं. पुढे त्याची गरज पडली नाही.

टायर घेताना बहुतेकांची नजर नक्षीवर जाते. वजनदार माणसाने आधी केसिंग पाहावं. मॅक्सिस कंपनीकडे एक्सो, एक्सो प्लस, डबल डाउन अशी चढती भाजणी आहे. श्वालबेकडे सुपर ट्रेल, मग सुपर ग्रॅव्हिटी. कॉन्टिनेन्टलकडे ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर दोन-तीन केसिंगमध्ये मिळतो आणि दगडावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळे ‘अमुक टायर टिकाऊ आहे’ असं कुणी सांगितलं, तर कुठल्या केसिंगचा, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

टीपीआयच्या, म्हणजे कापडात दर इंचाला किती धागे त्याच्या, आकड्यानेही फसगत होते. १२० टीपीआय म्हणजे दुप्पट मजबूत नव्हे. धागे बारीक आणि दाट, म्हणून कापड जास्त लवचिक, एवढंच. ६० टीपीआयचे धागे जाड असतात. टायर जरा कडक चालतो, पण चिरायला सहसा जास्त दाद देत नाही. शिवाय काही उत्पादक सगळ्या थरांचे धागे एकत्र मोजतात, तेव्हा दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

‘पंक्चररोधक’ या शब्दाचंही तसंच. तो पट्टा बहुतेक वेळा नक्षीच्या खाली असतो. श्वालबेच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा थर आहे. डांबरी रस्त्यावरच्या काचा-खिळ्यांसाठी उत्तम. पण दगडी वाटेवर घाव येतो बाजूने. दोन दगडांच्या फटीतून चाक जाताना दगडाची कड साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, घासत जाते आणि तिथे तो पट्टा नसतोच. वजन जास्त तसा टायर जास्त दबतो, बाजू जास्त फुगते आणि दगडाच्या आवाक्यात येते. साइडवॉलला जाडी लागते ती यासाठी.

किंमत मोजावी लागते ती वजनात. २९ × २.४ मध्ये ट्रेल केसिंग साधारण ९०० ते १००० ग्रॅम, दुपदरी ११५० ते १२५०, डाउनहिल १३०० च्या वर. चढावर पहिले काही दिवस मागचं चाक जड वाटतं, थांबून पुन्हा वेग घेताना तर नक्कीच. पण स्वार-सायकल मिळून सव्वाशे किलो ढकलायचे असताना पाव किलोचा बाऊ करण्यात अर्थ नाही. डाउनहिल केसिंग मात्र रोजच्या चढउताराला नको; फारच मठ्ठ चालतं.

आता हवेचं गणित. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. बसल्यावर साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर असतो, म्हणून दोन्हीकडे सारखी हवा भरणं चूक. सुरुवात मागे ३२, पुढे २६ पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) केली आणि एकेक पीएसआय उतरवत नेलं. मागे २७ वर दगडाच्या कडेवर ‘ठक्’ असा कोरडा आवाज येऊ लागला, म्हणजे टायर पूर्ण दबून रिम दगडाला टेकतेय. २९ वर तो क्वचितच येतो. पुढे २४ वर स्थिरावलं. ट्रेल केसिंगला याच वजनाला मागे ३२-३३ लागायचे. दुपदरी कापड स्वतः थोडा भार पेलतं, म्हणून हवा कमी चालते आणि पकड सुधारते. ट्यूब घातली तर मागे ३६ च्या खाली जाऊ नये. ट्यूब रिम आणि दगडात चिमटली की सर्पदंशासारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात.

‘वजन जास्त आहे ना, मग ४५ भरा’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये. घट्ट फुगलेला टायर दगडाभोवती वाकत नाही. उसळतो, घसरतो आणि सगळा दाब एका कडेवर आल्याने कापतोही लवकर. शिवाय टायर जितका रुंद, तितका त्याच हवेला कापडावरचा आणि रिमवरचा ताण जास्त. टायर आणि रिम दोन्हींवर कमाल दाब दिलेला असतो. जो कमी तो आपला. पंपावरचा काटा २५-३० च्या पट्ट्यात फारसा भरवशाचा नसतो. वेगळा डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा.

दुपदरी टायर चढवणं हे कष्टाचं काम आहे. बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी टायरची कड, कडक असतो. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा आणि बसलेला भाग सतत रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत राहायचं. एवढं पाळलं तर टायर चढवायचा लिव्हर जेमतेम एकदा लागतो. बीडवर साबणाचं पाणी, व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढून जोरात हवा, दोन-तीन फटफट आवाज. मग रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी चाकभर सारखी दिसते का ते फिरवून पाहायचं. एखाद्या ठिकाणी ती आत दडली असेल तर बीड तिथे बसलेला नाही.

सीलंट मागे १२० मिलिलिटर, पुढे १००. ते दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाजवळ हलवून खळखळ ऐकू आली नाही, तर कोर काढून व्हॉल्व्हमधूनच ५०-६० मिलिलिटर भर घालायची. काट्याची भोकं आपोआप बुजतात. मोठ्या भोकाला प्लग, म्हणजे बाहेरून खुपसायची रबरी पट्टी. साइडवॉलच्या लांब चिरेत प्लग टिकत नाही. तिथे आतून जाड ठिगळ आणि ट्यूब हाच मार्ग. पण ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने चाचपून घ्या. सीलंटने झाकलेले जुने काटे आतच टोक काढून बसलेले असतात आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर करतात.

झीज कशी झाली? मागच्या टायरचे मधले नॉब (नक्षीचे उंचवटे) निम्म्यावर आलेत, ब्रेकच्या बाजूची कड गोल झाली आहे आणि काही कडेच्या नॉबच्या बुडाशी चिरा दिसतात. बाजूंवर ओरखडे भरपूर, धागा कुठेही उघडा नाही. पुढचा अजून धारदार आहे. मागे कडक रबर आणि पुढे मऊ, अशी जोडी घेतल्याचा हा फायदा. मऊ रबर मागे लावलं असतं तर केव्हाच गुळगुळीत झालं असतं.

टायरच्या आत बसवायचा फोमचा इन्सर्ट वापरलेला नाही. तो रिम वाचवतो, बाजूची चीर थांबवत नाही, आणि जाड प्रकारचा चाकामागे पाव किलो वाढवतो. खर्च करायचाच तर आधी केसिंगवर.

महिन्यातून एकदा चाक उचलून फिरवा आणि नक्षी फ्रेमच्या रेषेत पाहा. रिम सरळ असून टायर एका जागी डुलत असेल किंवा फुगवटा दिसत असेल, तर आतले धागे तुटलेत. नक्षी कितीही नवी असो, तो टायर काढायचाच. बदलताना झिजलेला मागचा टायर पुढे टाकू नका. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला तर थेट जमिनीवर. नवा नेहमी पुढे. पुढचा जुना मागे न्यायचा तर केसिंग पाहूनच. इथला पुढचा टायर ट्रेल केसिंगचा आहे, त्यामुळे तो मागे जाणार नाही. मागे पुन्हा दुपदरीच येईल.