गिमिक कॉइन घेताय? आधी स्वतःच्या खिशातली चिल्लर बघा

माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर हातात एकतर गोळ्यांच्या स्ट्रिप नाहीतर सुट्टे पैसे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नाणं बोटांवरून फिरवत बसायचो, त्यातून कॉइन मॅजिकचा, म्हणजे नाण्यांच्या जादूचा नाद लागला, मागोमाग गिमिक कॉइन आली, म्हणजे जादूसाठी मुद्दाम बदल करून बनवलेली नाणी, आणि आता चार वर्षं झाली. बायकोच्या मते या "खोट्या नाण्यांत" घातलेल्या पैशात फ्रीज आला असता, आणि ती चूक नाहीये. तर एवढे पैसे घालवून काय कळलं ते लिहितोय. ट्रिक कशी करायची ते विचारू नका, ते इथे मिळणार नाही, घेताना काय बघायचं एवढंच बोलूया.

पहिली खरेदी सगळे करतात तीच केली, अमेरिकन हाफ डॉलर. चार साधी नाणी आणि एक एक्स्पांडेड शेल, म्हणजे आतून कोरून पोकळ केलेलं, साध्या नाण्यावर टोपीसारखं बसणारं नाणं. कारण जिथे बघावं तिथे शिकवणारा माणूस हाफ डॉलरच वापरतो, आणि हातात घेतल्यावर कळतं की का वापरतो. ३०.६१ मिमी व्यास, ११.३४ ग्रॅम वजन, तळहातात असं बसतं की जणू आपल्या हाताचं माप घेऊनच पाडलंय. कडेला १५० दाते आहेत त्यामुळे पाम करताना, म्हणजे नाणं तळहातात लपवताना, पकड मस्त मिळते. शिकायला याच्यासारखं नाणं नाही, यात वादच नाही.

पण करून दाखवायला गेलो आणि पचका झाला. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध चाललं होतं, म्हटलं हीच वेळ. नाणं काढलं तर शेजारचे काका म्हणाले, "थांब थांब, हे कुठलं? बघू." मग ते नाणं आख्ख्या गच्चीवर फिरलं (साधंच दिलं होतं, नशीब), कोणी म्हणे हा केनेडी, कोणी म्हणे याचे रुपये किती होतात, एका काकूंनी विचारलं चांदीचं आहे का. दहा मिनिटं नाण्यावरच चर्चा, आणि शेवटी मी ट्रिक केली तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "हां, त्या नाण्यातच काहीतरी आहे." संपलं. नाणं ओळखीचं नसलं की संशय आधी नाण्यावर जातो, तुम्ही सहा महिने घासलेली हातचलाखी गेली खड्ड्यात. खरं म्हणजे हाफ डॉलर अमेरिकेतसुद्धा रोजच्या व्यवहारात फार दिसत नाही, पण तिथे निदान हे आपलं नाणं आहे एवढं तरी लोकांना माहीत असतं.

त्याच सेटमध्ये अजून एक गोष्ट मला वर्षभराने कळली आणि स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. मी शेल घेतलं होतं १९६४ च्या नाण्याचं, का तर चांदी ९० टक्के, दिसायला भारी. आणि सोबतची साधी नाणी नव्वदच्या दशकातली. १९७१ पासूनचे हाफ डॉलर आत तांबं आणि वरून तांबं-निकेल असे असतात, त्यामुळे कडेला बघितलं की तपकिरी रेघ दिसते. चांदीच्या नाण्याची कड पूर्ण पांढरी. म्हणजे चार नाणी ओळीत उभी धरली की तीन रेघवाली आणि एक बिनरेघेची! वर्षभर मी ते लोकांसमोर मिरवत होतो. कोणी बोललं नाही म्हणजे कोणाला दिसलं नाही असं नसतं. तेव्हा शेल आणि साधी नाणी एकाच काळातली घ्या, झीजसुद्धा सारखी बघा, नाहीतर एक नाणं नवऱ्या मुलासारखं चकचकीत आणि बाकीचे वऱ्हाडी.

मग म्हटलं देशीच घेऊया. एका ऑनलाइन विकणाऱ्याकडून दहाच्या नाण्याचं शेल मागवलं, साडेआठशे रुपये. फोटोत झकास. हातात आलं तर पहिल्या नजरेला खरंच ओळखू येईना. पण मी दिवसभर नाणी मोजणारा माणूस, काउंटरवर टाकलं आणि आवाजच सांगून गेला. आमचे आजोबा रुपया वाजवून घ्यायचे म्हणे, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत. हे बद्द होतं. नुसतं बद्द नाही, कुरकुरत होतं. कारण दहाचं नाणं दोन धातूंचं, बाहेर पिवळी कडी आणि मध्ये पांढरी चकती, आतून कोरून पातळ केलं की त्या सांध्यातली पकड जाते. माझ्याकडची चकती महिन्याभरात सैल झाली, अंगठ्याने दाबलं की टिक टिक. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला तर म्हणे "सर, परफॉर्मन्समध्ये कळत नाही." अरे मला कळतंय ना!

तर टेस्ट लिहून ठेवा. नाणं बोटाच्या टोकावर आडवं ठेवायचं आणि दुसऱ्या साध्या नाण्याच्या कडेने हलकी टिचकी मारायची. शेल कधीच पूर्ण खणखणीत वाजणार नाही, तेवढी अपेक्षा नाहीच, पण आवाज एकसंध पाहिजे, थरथर किंवा कुरकुर नको. मग शेल साध्या नाण्यावर बसवायचं आणि हात उलटा करायचा. घट्ट बसलं तर ऐन वेळी सुटणार नाही, फार सैल असेल तर चालताना खिशात खुळखुळेल. आपोआप घसरून पडावं पण हलवल्यावर वाजू नये, असं मधलं माप लागतं, आणि पैसे त्या मापाचेच असतात. जॉन्सन, टँगो ही गिमिक नाणी बनवणारी बाहेरची नावं महाग का वाटतात ते दोन-चार स्वस्तातली हाताळली की समजतं.

दहाच्या नाण्याचा आणखी एक घोळ म्हणजे त्याची डिझाइन. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं होतं की तोवर निघालेल्या चौदाच्या चौदा डिझाइनची दहाची नाणी चालतात. सांगावं लागलं कारण दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं असल्या अफवा, आमच्या काउंटरवर यावरून भांडणं झालीयेत. आता विचार करा, ज्या नाण्याकडे लोक आधीच "हे खोटं तर नाही ना" म्हणून निरखून बघतात त्याच नाण्याचं तुम्ही गिमिक करून हातात धरताय. आणि चौदा डिझाइनमधलं तुमचं शेल नेमकं कुठलं, त्याच्याशी जुळणारी साधी नाणी गल्ल्यातून वेचत बसा. मी बसलो होतो, दोन आठवडे.

आणि मग ते झालं. शनिवारची संध्याकाळ, गर्दी, एक आजोबा बीपीच्या गोळ्या घेऊन गेले, दहा रुपये परत द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दारात. नाणं काउंटरवर पालथं ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हे बघ, आत काहीच नाही. रिक्षावाल्याने घेतलं नाही. मला वाटलं सरकारनेच आता आतून वाचवायला सुरुवात केली की काय." साडेआठशेचं शेल मी दहा रुपये म्हणून देऊन बसलो होतो! हसू यायच्या आधी घाम फुटला, कारण हा विनोद नाही, गिमिक नाणं चलनात जाणं म्हणजे चक्क फसवणूक. शिवाय २०११ च्या नाण्यांच्या कायद्यात नाणी वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे, आणि चालू भारतीय नाणी कोरून गिमिक बनवणारे ही गोष्ट पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरातसुद्धा लिहीत नाहीत. मी स्वतः घेतलीयेत, सोवळेपणाचा आव आणत नाही, पण माहीत असू द्या. तेव्हापासून माझी गिमिक नाणी लाल झाकणाच्या डबीत, गल्ल्यापासून चार हात लांब.

फोल्डिंग कॉइनबद्दल थोडक्यात, कारण आठवलं तरी चिडायला होतं. बाटलीच्या तोंडातून नाणं आत जातं ती ट्रिक, इफेक्ट म्हणाल तर पोरं वेडी होतात. पण त्यात जीव सगळा एका बारीक रबरात असतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते रबर डबीत पडल्या पडल्यासुद्धा वाळतं. भाच्याच्या वाढदिवसाला नाणं बाटलीत गेलं, टाळ्या पडल्या, आणि आत टणकन आवाज होऊन रबर तुटलं. भाचा बाटली डोळ्याला लावून म्हणतो, "मामा, नाण्याचे तुकडे झाले." ती बाटली मी तशीच घरी आणली. पाकिटात जादा रबर दिलं नव्हतं, मेलला उत्तर नाही. शेवटी दातांच्या ब्रेसेसला लावतात ती रबरं मागवली, माप जुळायला तीन पाकिटं फोडावी लागली पण जुळलं. घेणार असाल तर पाच-सहा जादा रबरं सोबत मिळतात का ते आधी विचारा, आणि दर कार्यक्रमाआधी बदला, "अजून एकदा चालेल" म्हणू नका.

चुंबकवाली नाणी मात्र इथे सपशेल वेगळी वागतात, हे बाहेरचे व्हिडिओ बघून कळत नाही. हाफ डॉलर चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे तिकडचा माणूस बिनधास्त खिशात टाकतो. आपला रुपया, दोन रुपये १९९२ नंतर हळूहळू स्टीलचे झाले, आणि ते स्टील चुंबकाला चिकटणारं. चुंबकवालं नाणं सुट्ट्या पैशांच्या खिशात टाकलंत तर बाहेर काढताना द्राक्षाच्या घडासारखं लगडून येतं. मी बसमध्ये तिकिटाला पैसे काढले तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. फायदा पण आहे म्हणा, आपल्याकडे साधं उधार घेतलेलं नाणंच चिकटतं. पण पाचचं पिवळं नाणं चिकटत नाही, हे विसरलात तर भर कार्यक्रमात उघडे पडाल.

आता तांबं-चांदीचा सेट, म्हणजे एक नाणं पांढरं एक तपकिरी आणि त्यांची अदलाबदल. मूळ सेटमध्ये हाफ डॉलरसोबत जुनी इंग्लिश पेनी असते, जी १९७१ मध्ये दशमान पद्धत आल्यावर बंद झाली, पण आकार हाफ डॉलरच्या अगदी जवळ म्हणून जादूगारांनी जिवंत ठेवली. दिसायला अप्रतिम आहे, खोटं कशाला बोलू. पण आपल्या लोकांसमोर एकाऐवजी दोन अनोळखी नाणी झाली, पुन्हा तेच गच्चीवरचं. शिवाय एकमेकांत अडकणारा जो प्रकार आहे तो घामेजल्या हातात असा रुतून बसतो की नाणी सोडवायला सोबत दिलेली रिंग टेबलावर चार वेळा आपटली तरी सुटत नाही, पाहुण्यांना वाटलं मी चिडलोय.

पण इथे एक गोष्ट मला गल्ल्यानेच दाखवली. २०११ पासून २०१९ ची नवी मालिका येईपर्यंतचं पाचचं पिवळं नाणं २३ मिमीचं आहे (नव्या मालिकेतलं पाचचं मोठं आहे, ते नको). आणि २०१९ मध्ये आलेल्या नव्या मालिकेतलं दोन रुपयाचं स्टीलचं नाणं, तेपण २३ मिमी! एकावर एक ठेवा, कड तंतोतंत. गिऱ्हाईक घाईत दोनाच्या जागी पाच देतात ते याचमुळे. म्हणजे पिवळं-पांढरं जोडी आपल्या खिशात तयारच आहे, तेही अशी की समोरच्याने स्वतःच्या पाकिटातून काढून द्यावी. मी साध्या नाण्यांनी नुसत्या हातचलाखीवर अदलाबदल करायला लागलो आणि लोकांची प्रतिक्रिया हाफ डॉलरपेक्षा दुप्पट. तोटा म्हणजे २३ मिमी लहान पडतं, माझ्या हातात क्लासिक पाममधून (तळहाताच्या मधोमध धरायचं) निसटतं, फिंगर पाम (बोटांच्या मुळाशी धरायचं) करावा लागतो. मोठे हात असतील तर त्रास होईल.

त्यामुळे माझं मत विचाराल तर पाचच्या पिवळ्या नाण्याचं शेल घ्या. एकच धातू, सांधा नाही, आवाज बरा, चुंबकाला चिकटत नाही, आणि समोरच्या प्रत्येकाच्या खिशात त्याचा भाऊ आहे. माझं सहाशे रुपयांना पडलं, दीड वर्ष रोज वापरतोय, एका बाजूला कड किंचित दबलीये तेवढंच. दहाचं शेल अजिबात नको. हाफ डॉलर शिकायला जरूर घ्या, पण साधी चार नाणी पुरेत. तेही नको असेल तर जुन्या बाजारात १९७५ ते ८२ मधला रुपया शोधा, २८ मिमी, ८ ग्रॅम, तांबं-निकेलचा, हातात छान बसतो आणि आई-वडिलांच्या वयाच्या लोकांना तो बघून आपोआप मायेचं भरतं येतं. राणीछाप चांदीचा रुपया तर ११.६६ ग्रॅमचा, हातात जवळजवळ हाफ डॉलरच, मोठ्यांसमोर तो काढला की कोणी संशय घेत नाही, सगळे आजीच्या पेटीच्या गोष्टी सांगायला लागतात. फक्त पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार जे ढिगाने मिळतात ते वाजवून घ्या, बरेचसे चांदीचे नसतातच. मी दोन घेतले, एक खरा निघाला.

सध्या एकाकडे पाच आणि दोनच्या जोडीचं गिमिक बनवतोस का म्हणून विचारलंय, तो म्हणतो बघतो. मिळालं तर लिहीन. आणि ते बीपीचे आजोबा दर महिन्याला येतात, सुट्टे परत दिले की प्रत्येक नाणं आधी काउंटरवर वाजवतात, मग माझ्याकडे बघून खिशात टाकतात.