छोट्या हत्तीचं पासिंग एजंटशिवाय केलं, आता उन्हाळा संपत आल्यावर काय टिकलं आणि काय नाही

गाडी छोटा हत्ती (टाटा एस), डिझेल, 2017 चं मॉडेल, एमएच 15 म्हणजे नाशिक. काम म्हणजे भाजीपाला, सीझनला द्राक्षाचे क्रेट आणि टोमॅटोच्या जाळ्या, दिंडोरी साईडहून पेठ रोडच्या मार्केट यार्डात, आणि मधून मधून घोटी-इगतपुरी करून कसाऱ्याच्या खाली. मागच्या वर्षी गणपती उठल्यावर पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, करून घेतलं. तेव्हाच लिहिणार होतो पण मग "पास झाली, मस्त" एवढंच लिहून झालं असतं, त्याचा कोणाला काय उपयोग. म्हणून म्हटलं द्राक्षाचा सीझन जाऊ दे, गाडी लोडवर चालू दे, मग सांगू.

आधी हे कशासाठी ते सांगतो कारण नवीन गाडीवाल्यांना माहीत नसतं. कमर्शियल गाडीला आठ वर्षं होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी एकदा, आठ पूर्ण झाली की दरवर्षी. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसेल तर गाडीचं रजिस्ट्रेशनच धरत नाहीत, म्हणजे आरसी खिशात असून नसल्यासारखी. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारतो. मुदत उलटली की नियमाने दिवसाला 50 रुपये लेट फी, त्यावरून 2024 ला रिक्षावाल्यांनी केवढा गोंधळ घातला होता आठवत असेल. शिवाय 2025 च्या नोव्हेंबरपासून केंद्राने टेस्टची फी गाडीच्या वयावर चढवलीय, 10 वर्षांपुढे जास्त, 15 च्या पुढे अजून जास्त, 20 च्या पुढे तर विचारूच नका. त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांनी हे काम टाळत बसण्यात काही अर्थ नाही.

एजंट का नाही लावला? पैशाचा भाग आहेच, पण खरं कारण म्हणजे एकाने हिशोब सांगताना त्यात परमिटचेही पैसे धरले. अरे बाबा, 3000 किलोच्या आतल्या जीव्हीडब्ल्यूच्या (गाडी आणि लोड मिळून वजन) मालगाडीला परमिट लागतच नाही, कायद्यातच सूट आहे, आणि छोटा हत्ती लोड धरून त्याच्या निम्म्याच्या आसपास बसतो. हे त्याला बोललो तर म्हणे "भाऊ, ते असंच असतं पॅकेजमध्ये". तिथंच ठरवलं की आपलं आपणच करायचं.

ऑनलाईन भाग फार अवघड नाहीये. परिवहनच्या साईटवर गाडी नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे आकडे टाकायचे, ओटीपी येतो, फी भरायची, स्लॉट घ्यायचा. अडकतं ते एकाच ठिकाणी, ओटीपी जातो आरसीला लिंक असलेल्या नंबरवर. सेकंडहँड गाडी असेल तर तो नंबर आधीच्या मालकाचा असतो, नाहीतर शोरूमवाल्याने 2017 ला स्वतःचाच टाकून ठेवलेला असतो. ते आधी दुरुस्त करा, बाकी सगळं मग. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स चालू पाहिजे, ई-चलान थकलं असेल तर तेही बघून घ्या. आणि नंबर प्लेट. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती एचएसआरपी (हाय सिक्युरिटी प्लेट) लागते, चारचाकीला 745 अधिक जीएसटी म्हणजे 879 रुपये. मी ती आधीच बसवून घेतली होती. प्लेटबद्दल एवढंच सांगतो की मागच्या प्लेटवर फाळका (हौद्याचं मागचं झाकण) रोज आपटतो तरी लॉक हललेलं नाही, एका कोपऱ्याला वाकलीय फक्त.

आता गॅरेज. इथं जरा सविस्तर लिहितो कारण सगळा खेळ इथंच आहे. आमच्या मिस्त्रीने गाडी आत घेतल्या घेतल्या विचारलं, "दादा, पासिंगपुरतं करायचं का खरं करायचं?" तो मस्करी करत नव्हता, लोक खरंच पासिंगपुरतं करतात. दुसऱ्याच्या गाडीचे टायर एका दिवसासाठी चढवतात, बॅटरी उसनी आणतात, जास्त लोडसाठी घातलेला वाढीव स्प्रिंगचा पाटा काढून ठेवतात आणि संध्याकाळी परत टाकतात, प्रेशर हॉर्नचं तर सांगायलाच नको. मी म्हटलं खरं कर, पण जे लागेल तेच कर, उगाच यादी वाढवू नको.

मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले. डाव्या बाजूचा लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला घासतो तो) काळा आणि चमकत होता, बोट लावलं तर ओलं. व्हील सिलेंडरमधून ऑइल पाझरून लायनरच्या धुळीत मिसळलेलं आणि त्याचा चिखल झालेला, उजव्या बाजूला मात्र सगळं कोरडं ठणठणीत. ब्रेक मारताना गाडी किंचित उजवीकडे ओढते हे जाणवत होतं पण ड्रायव्हर म्हणायचा रस्त्याचा उतार असेल. दोन्ही साईडचे व्हील सिलेंडर, लायनर, ड्रमला लेथवर एक कट, पुढचे पॅड, ब्रेक ऑइल पूर्ण बदली, हँडब्रेकची केबल. टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा सांधा) ढिला होता तोही बदलला. पुढचे टायर घासून 1.6 मिलिमीटरच्या खुणेला टेकले होते, दोन नवीन घेतले. एजंटचे जे वाचणार होते ते इथंच गेले, वर थोडे घातले.

हेडलाईटला ड्रायव्हरने ते पांढरे एलईडी टाकले होते, समोरच्याचे डोळे फोडणारे. वायरमनने ते काढून कंपनीचे हॅलोजन परत टाकले आणि भिंतीसमोर गाडी लावून फोकस खाली घेतला. पासिंगला जायच्या आधी हे कराच, कारण तिथं हेडलाईटसमोर एक मशीन रुळावरून सरकत येतं आणि फोकस वर आहे का खाली ते स्क्रीनवर दाखवतं, "साहेब नीट आहे" म्हणून चालत नाही.

टेस्टचा दिवस. केंद्राचे ऑटोमेटेड टेस्टिंगचे नियम 2021 चे, पण नाशिकला मशीनवरची तपासणी त्याच्या आधीपासून आहे, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरना रोलर वगैरे नवीन नाही. मला स्वतःला मात्र बघायचं होतं म्हणून ड्रायव्हरबरोबर गेलो. सगळ्यात भारी ब्रेकचा रोलर. चाकं दोन रोलरच्या खाचेत बसतात, रोलर चाक फिरवतो, मग सांगतात हळूहळू दाबा, एकदम नको. दाबत जाल तसे डाव्या-उजव्या चाकाचे आकडे वेगवेगळे चढत जातात, आणि शेवटी गाडी मागे ढकलल्यासारखी उचकते. दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीने चढले तेव्हा तो ओला लायनर आठवला, तसाच आलो असतो तर डावीकडचा आकडा तिथंच बसला असता. नुसता ब्रेक जोरात लागून भागत नाही, दोन्ही चाकांना सारखा लागावा लागतो. हँडब्रेक वेगळा बघतात.

धुराची टेस्ट डिझेलवाल्यांना घाम फोडते. सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि अॅक्सिलेटर पूर्ण दाबायला लावतात, परत परत. मशीन धुराच्या दाटपणाचा आकडा दाखवतं, बीएस 4 डिझेलला मर्यादा 1.62, त्याच्या आधीच्या गाड्यांना 2.45. इथं एक सांगतो, लाईनीत तासभर बंद ठेवलेली थंड गाडी डायरेक्ट टेस्टला नेऊ नका. आम्ही आडगावला एक फेरी मारून गाडी चांगली गरम करून आणली, एअर फिल्टर नवा टाकला होता, आरामात बसली. स्पीड गव्हर्नरची (वेग रोखणारं यंत्र) 80 ची अट बऱ्याच जणांना घाबरवते, पण ज्या गाडीची कंपनीची टॉप स्पीडच 80 च्या आत सर्टिफाय आहे तिला सूट असते. आपला हत्ती लोडवर 80 गाठायला लागला तर मीच पेढे वाटेन.

एकाच गोष्टीवर अडलो, रेडियम, म्हणजे उजेड पडला की चमकणारी पट्टी. पुढे पांढरं, साईडला पिवळं, मागे लाल हे सगळं होतं, पण साईडची पट्टी रस्त्यावरच्या एका टपरीतून घेतलेली, तिच्यावर कसलाच मार्क नव्हता. पट्टी एआयएस 090 (गाड्यांच्या सामानाचं मानक) ची मार्कवाली लागते. बाहेर जाऊन दुसरी आणली, जुनी ब्लेडने खरवडून काढली, डिंक निघता निघेना, डिझेलच्या फडक्याने पुसलं, परत चिकटवली. बाहेरचा विकणारा अशा वेळी भाव काय सांगतो ते तुम्हाला माहीतच आहे. आधीच घेऊन ठेवा, रोल नीट बघून, त्याच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

पास झाली, सर्टिफिकेट आलं.

आता त्यानंतरचं. ब्रेकचं काम एक नंबर टिकलंय. डिसेंबरात पेठच्या सावळ घाटात फुल लोडवर उतरताना पुढचा ट्रक अचानक थांबला तेव्हा गाडी सरळ रेषेत उभी राहिली, एक इंच ओढली नाही, मागच्या जाळ्या तेवढ्या पुढे सरकून केबिनला टेकल्या. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "शेठ, आधीचे ब्रेक असते ना, तर आज टोमॅटोचा रस झाला असता." परवा मिस्त्रीने ड्रम उघडून पाहिले, दोन्ही बाजू कोरड्या. हँडब्रेकची केबल मात्र संक्रांतीच्या आसपास सैल पडली, एकदा आवळून घेतली, आता ठीक आहे. नवी केबल पहिल्यांदा ताणतेच.

टाय रॉड एंडने निराशा केली. दुकानदाराने "कंपनीसारखाच आहे" म्हणून लोकल दिला, त्याचं रबरी बूट सीझनच्या मध्यातच फाटलं, ग्रीस बाहेर, माती आत, परत खटखट सुरू. दुसऱ्यांदा कंपनीचाच टाकला. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या सामानात दोन-तीनशे रुपयांसाठी लोकल घेऊ नका एवढंच म्हणेन, बाकी ठिकाणी घ्या हवं तर.

मार्कवालं रेडियम आठवड्याला प्रेशरने धुऊनही जागेवर आहे, फक्त फाळक्याच्या कड्या जिथं घासतात तिथं सोललंय, तेवढा तुकडा पुढच्या पासिंगला बदलीन. टपरीवालं जे थोडं हौद्याच्या आतल्या बाजूला राहिलं होतं ते पहिल्याच थंडीत वळ्या होऊन गळून पडलं. हॅलोजन चालू आहेत, ड्रायव्हर अजून कुरकुरतो की अंधारात कमी दिसतं, त्याला म्हटलं काच आतून धुऊन घे आधी.

कलरचे पैसे वाया गेले हे स्पष्ट सांगतो. मिस्त्रीच्या शेजारच्या पेंटरने गळ घातली की केबिनला आणि हौद्याला एक हात मारून घ्या, साहेबांना गाडी चांगली दिसते. केबिन ठीक आहे, पण हौद्याच्या तळाला गंज न घासता वरून मारला, द्राक्षाचे दोन महिने क्रेट ओढून ओढून तो पापुद्र्यासारखा निघाला आणि खालचा गंज जसाच्या तसा. पत्रा सडलाय का, कडा बाहेर आल्यात का हे तपासणीत बघतात, चकचकीतपणाला मार्क नाहीत. तेच पैसे तळाला चेकर प्लेट (नक्षीचा जाड पत्रा) टाकायला वापरले असते तर बरं झालं असतं, आता पावसाळ्याआधी ते करतोय.

धुराचं म्हणाल तर मार्चपासून परत थोडा काळा मारायला लागली होती. सिंहस्थाच्या कामांनी शहरात जिकडे तिकडे रस्ते खोदलेत, एअर फिल्टर उघडला तर मूठभर माती निघाली. हवा मारून भागलं नाही, नवा टाकला, लगेच फरक. नाशिकात गाडी चालवत असाल तर सध्या फिल्टरचं किलोमीटरचं गणित विसरा, महिन्याला उघडून बघा.

एजंट लावावा का असं बरेच जण विचारतात. ज्याची एकच गाडी आहे, रोज भाडं आहे आणि मोबाईलवर फॉर्म भरायची सवय नाही, त्याने लावला तर मी नावं ठेवणार नाही, एक दिवसाचं भाडं बुडतंच. फक्त साईटवर फी किती दाखवते ते बघून मग त्याच्याशी बोला, आणि गाडीचं काम त्याच्यावर सोडू नका. त्याला सर्टिफिकेटपुरतं पडलेलं असतं, घाटात गाडीत तुम्ही किंवा तुमचा माणूस असतो.

सीएनजीवाल्यांसाठी शेवटचं. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट चालू आहे का ते स्लॉट घ्यायच्या आधी बघा. माझी डिझेल असल्याने मला ते नव्हतं, पण आमच्या पुढच्या रिक्षावाल्या काकांची तारीख उलटून गेलेली, सकाळपासून लाईनीत थांबून त्यांना तसंच परत जावं लागलं. सिलेंडर काढून, टेस्टला देऊन, परत बसवून येईपर्यंत रिक्षा उभी.