ओपन, शू डॉग की क्रिएटिव्हिटी इंक: आधी कुठलं वाचायचं?

खेळ, बिझनेस आणि एंटरटेनमेंट या तिन्हीतलं एकेक पुस्तक इतक्यात वाचून झालं, आंद्रे अगासीचं 'ओपन', नायकीवाल्या फिल नाइटचं 'शू डॉग' आणि ॲनिमेशन सिनेमे काढणाऱ्या पिक्सार कंपनीच्या एड कॅटमलचं 'क्रिएटिव्हिटी इंक'. तिन्ही चांगली आहेत पण तिघांचा वाचक वेगळा आहे, त्यामुळे सध्या एकापुरताच वेळ असेल तर कुठलं घ्यायचं ते सांगतो.

काहीच ठरत नसेल तर डोळे झाकून ओपन घ्या. टेनिस कळत नसलं तरी चालेल. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस सुरुवातीलाच सांगतो की मला टेनिसचा तिटकारा आहे, आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही हे पुढे पानापानावर पटत जातं. वडील इराणकडून 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग खेळलेले, त्यांनी घरामागच्या कोर्टवर बॉल फेकणारं मशीन लावलेलं आणि सात वर्षांच्या पोराला रोज 2500 बॉल मारायला लावायचे, हिशोब असा की वर्षाला जवळपास दहा लाख बॉल मारणारा मुलगा हरूच शकत नाही. 1990 च्या फ्रेंच ओपन फायनलला त्याच्या डोक्यावर विग होता आणि मॅच जिंकण्यापेक्षा तो पडू नये हीच प्रार्थना चाललेली. 1997 ला रँकिंग 141 वर गेलं, ड्रग्ज घेतले, टेस्टमध्ये सापडल्यावर टेनिस संघटनेला खोटं सांगून सुटला, हेही त्याने स्वतःच लिहिलंय. आणि त्यानंतर दोनच वर्षांत फ्रेंच ओपन फायनलला पहिले दोन सेट हरून युक्रेनच्या आंद्रे मेदवेदेववर जिंकतो, तो भाग वाचताना निकाल माहीत असूनही छातीत धडधडतं. कमी कुठे पडतं म्हणाल तर मॅचेसची वर्णनं मध्ये खूप लागोपाठ येतात, आणि अभिनेत्री ब्रुक शील्ड्सशी झालेलं लग्न का मोडलं ते फक्त त्याच्याच बाजूने कळतं.

शू डॉग वाचताना ओपनची आठवण येते आणि त्याला कारण आहे, दोन्हींच्या लिखाणात जे. आर. मोहरिंगर या पत्रकाराचा हात आहे. तीच पकड, तीच छोटी वाक्यं. पण इथला खरा विषय बूट नाहीच, कॅश आहे. विक्री दरवर्षी वाढतेय आणि खात्यात पैसे नाहीत, कारण आलेला सगळा पैसा पुढच्या मोठ्या ऑर्डरमध्ये जातो आणि बँक म्हणते जरा दमानं घ्या. 1975 मध्ये चेक बाउन्स होतात, बँक हाकलते आणि निश्शो इवाई ही जपानी ट्रेडिंग कंपनी बँकेचं सगळं देणं फेडून टाकते, हा भाग धंदा करणाऱ्या कोणालाही अंगावर येईल. शिवाय अमेरिकन कस्टम्सची अडीच कोटी डॉलरची नोटीस, जी शेवटी 90 लाखांवर मिटली. तो जगप्रसिद्ध लोगो 35 डॉलरमध्ये काढून घेतलेला आणि तेव्हा नाइटला तो फारसा आवडलाही नव्हता.

माझी तक्रार एकच, गोष्ट 1962 पासून सुरू होते आणि 1980 ला शेअर बाजारात उतरल्यावर जवळपास थांबते. त्यामुळे नंतर कारखान्यांमधल्या कामगारांवरून जो गदारोळ झाला तो शेवटच्या प्रकरणात थोडक्यात उरकलाय. एवढ्या मोकळेपणाने लिहिणाऱ्या माणसाने तिथे जास्त थांबायला हवं होतं.

क्रिएटिव्हिटी इंक या दोघांसारखं वाचलं जात नाही, ते आधीच माहीत असलेलं बरं. ही आत्मकथा कमी आणि टीम कशी चालवायची याचं पुस्तक जास्त, त्यामुळे रात्री झोपताना घेतलं तर चार पानांत बाजूला पडेल. पण हाताखाली माणसं असतील, किंवा लिहिणं, डिझाइन, व्हिडिओ असलं काही चारचौघांत मिळून करत असाल तर तिन्हीत सगळ्यात कामाचं हेच. पिक्सारच्या मीटिंग रूममध्ये एक लांबलचक टेबल होतं, मोठे लोक मधे बसायचे, बाकीचे टोकाला, आणि टोकावरचे गप्प राहायचे. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, पण टेबल बदलेपर्यंत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कॅटमलच्याही नाही. 'टॉय स्टोरी 2' च्या फाइल्स एका चुकीच्या कमांडने उडाल्या, बॅकअपही चालेना, आणि बाळामुळे घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या कॉपीमुळे सिनेमा वाचला. मला जास्त आवडलं ते हे की त्यानंतर कोणी डिलीट केलं याचा शोध घेण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ब्रेनट्रस्ट नावाच्या त्यांच्या मीटिंगबद्दल तर नीट वाचाच, चुका स्पष्ट सांगायच्या पण त्या दुरुस्त कशा करायच्या हे डायरेक्टरवर सोडायचं, हे करून बघण्यासारखं आहे. मधली काही प्रकरणं मात्र लांबलीयत, ती चाळली तरी चालतील.

तर नोकरी किंवा अभ्यास मनाविरुद्ध चाललाय, किंवा मुलांना खेळात घालायचा विचार आहे, तर ओपन. स्वतःचा धंदा सुरू केलाय आणि महिन्याची जुळवाजुळव डोक्यात असते, तर शू डॉग. टीम सांभाळायची असेल तर क्रिएटिव्हिटी इंक, आणि ते सलग न वाचता आठवड्याला एक प्रकरण असं घ्या. ओपन आणि शू डॉग मात्र पाठोपाठ वाचू नका, लिहायची धाटणी सारखी असल्याने दुसऱ्याची मजा जाते.