स्लिटिंग लाइनला पट्टी सरळ ठेवणारं एज गाइड बसवलं, एक अख्खा पावसाळा काढला, आता लिहितो

मिरजोळे एमआयडीसीत आमची छोटी स्लिटिंग लाइन (रुंद पत्रा उभा कापून पट्ट्या काढणारं मशीन) आहे, जुनी, सेकंड हँड घेतलेली. कलर कोटेड कॉइल, म्हणजे रंगीत पत्र्याची गुंडाळी, येते 1220 मिलीमीटर रुंदीची, तिच्या 400 च्या तीन पट्ट्या काढायच्या आणि त्यातून छपराचे रिज, पन्हळ, फ्लॅशिंग वगैरे. आता 1220 मधून 1200 गेले की राहिले 20, म्हणजे दोन्ही कडांना 10-10 मिलीमीटर ट्रिम (कडेची कापून टाकायची पट्टी), आमचा सगळा खेळ या दहा मिलीमीटरवर. पत्रा एका बाजूला दहा सरकला की तिकडची ट्रिम संपली, पट्टी अरुंद निघायला लागली आणि माल भंगारात. 0.50 मिलीमीटर जाडीचा पत्रा धरला तर पाच टनाच्या कॉइलमध्ये साधारण एक किलोमीटर पत्रा असतो, आणि तो किलोमीटरभर सरळ चालेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या डिकॉइलरशेजारी (ज्यावर कॉइल चढवून उलगडतात तो) उभं राहून बघावं.

आधी आमच्याकडे काय होतं, तर दोन्ही बाजूला उभे गाइड रोलर. जाड पत्र्याला ठीक आहे ते, पण 0.50 ला रोलर दाबला की पत्रा सरकत नाही, त्याची कडच दुमडते. कड अशी लाटालाटांची होऊन कटरमध्ये शिरते, रंग खरवडला जातो तो वेगळाच, आणि गिऱ्हाईक हात फिरवून म्हणतं हे काय ओ. आप्पा, आमचे ऑपरेटर, लाकडी ठोकळा घेऊन डिकॉइलरला हळूच ढकलत बसायचे. वीस वर्षांचा हात आहे त्यांचा, तरी जेवायला गेले की ट्रिम तुटलीच.

मग मालकांनी हे एज गाइड घेतलं. मोठ्या प्लांटात ईएमजी, फाइफ अशी नावं ऐकू येतात, आमचं त्यातलं नाही, आणि पुढे थोडं रडणं आहे म्हणून कंपनीचं नाव टाकत नाही. किंमतही विचारू नका, शेठ अजून त्या विषयावर गप्प होतात. काम काय करतं, तर पत्र्याच्या कडेवर यू आकाराचा इन्फ्रारेड सेन्सर, एका बाजूने प्रकाश सोडतो दुसऱ्या बाजूला मोजतो, निम्मा प्रकाश अडला म्हणजे कड जागेवर. जास्त अडला किंवा कमी अडला की कंट्रोलर मोटरला सांगतो आणि स्क्रूवर अख्खा डिकॉइलर, कॉइलसकट, डावी-उजवीकडे सरकतो. पत्र्याला कुणी हात लावत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सेल्समन तेलाच्या दाबावर सरकणारं हायड्रॉलिकवालं गळ्यात मारायला बघत होता, पण त्याच्या सर्व्हो व्हॉल्व्हला तेल एकदम स्वच्छ लागतं आणि आमच्या शेडमध्ये चहासुद्धा स्वच्छ राहत नाही, म्हणून इलेक्ट्रिकवरच अडून बसलो. ते बरं केलं.

आता रडणं. बसवायला आलेल्या मुलाने सेन्सर लावला पिंच रोलपासून (पत्रा चिमटीत धरणारे रोल) चांगला दोन मीटर पुढे, का तर तिथे आयता ब्रॅकेट होता. लाइन सुरू केली आणि डिकॉइलर असा डुलायला लागला, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आप्पा म्हणाले अरे मेल्या हा काय पाळणा बसवलास का. साधी गोष्ट आहे, डिकॉइलर सरकला त्याचा परिणाम सेन्सरपर्यंत पोचायला दोन मीटर पत्रा पुढे जावा लागतो, तोपर्यंत कंट्रोलरला वाटतं अजून सरकायचंय, तो सरकवत राहतो, मग कळतं जास्तच गेलं, मग उलटा. याला हंटिंग म्हणतात. मुलाने गेन, म्हणजे चूक दिसली की गाइड किती जोरात सरकेल ते, कमी करून डुलणं थांबवलं आणि बिलावर सही घेऊन संध्याकाळची गाडी पकडली. गेन इतका कमी की केंबरवाली कॉइल लागली (म्हणजे पत्राच केळ्यासारखा वाकडा, हे गिरणीतूनच येतं) की गाइड बिचारं मागेच धावत होतं. शेवटी आम्हीच ब्रॅकेट कापून सेन्सर रोलच्या बाहेर वीतभर अंतरावर आणला आणि गेन परत वाढवला. त्या दिवसापासून दोन्ही बाजूच्या ट्रिम सारख्या निघतात, मी व्हर्नियर लावून बघितलं, फरक मिलीमीटरभर. मॅन्युअलमध्ये सेन्सर रोलच्या जवळ लावा असं चित्रासकट लिहिलंय, मुलाने ते उघडलं नसावं.

एक चूक आमची पण सांगतो. नवीन कॉइल ओवताना बटण ऑटोवरच राहिलं, सेन्सरमध्ये पत्राच नाही, गाइड शोधत शोधत पार टोकाला जाऊन धडकलं. ओवताना सेंटरवर, म्हणजे गाइड मधोमध थांबवून ठेवायचं, पत्रा आत आला की मगच ऑटो. आता पॅनलवर आप्पांच्या अक्षरात खडूने लिहिलंय "आधी सेंटर".

आणि मग जुलै आला. रत्नागिरीचा पाऊस, शेडमध्ये सकाळी सगळ्यालाच घाम. एक दिवस सेन्सरकडची ट्रिम बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली आणि तुटली, दुसऱ्या बाजूची मात्र दुप्पट. सगळे कटर तपासले, बेअरिंग तपासलं, आणि दोष निघाला काचेवरच्या दवाचा. दवाने प्रकाश अडतोय, सेन्सरला वाटतंय पत्रा जास्त आत आलाय, म्हणून गाइड त्याला इमानदारीत बाहेर ढकलतंय. सेन्सरला हवा मारायचं नोजल होतं पण जोडलेलंच नव्हतं, आणि जोडलं तर कॉम्प्रेसरच्या लाइनमधून पाण्याचेच थेंब आले. आधी ड्रायर बसवला मग नोजल, आता ठीक आहे. समुद्राजवळ कुणी घेणार असेल तर हा खर्च आधीच धरा, आणि आमच्यासारखं दोन्ही कडा ट्रिम करत असाल तर दोन सेन्सरवालं सेंटर गाइडच मागा, कॉइलची रुंदी दोनतीन मिलीमीटर कमीजास्त आली तर एका सेन्सरवाल्यात तो सगळा फरक पलीकडच्या ट्रिमवर जातो. आम्ही पैसे वाचवले, आता वाटतं नको होते वाचवायला.

मशीनला पाचपैकी चार, बसवणाऱ्याला एक, तोसुद्धा पाया पडून आला होता म्हणून. खाऱ्या हवेने सेन्सरच्या केबलचा कनेक्टर हिरवा पडलाय, पिना घासून काम चालवतोय. नवीन मागवून तीन आठवडे झाले, कंपनी म्हणते पाठवला, कुरिअरवाला रोज सांगतो जवळच्याच हातखंब्याला पोचलाय. हातखंबा इथून किती लांब आहे ते आप्पा त्याला फोनवर समजावतायत.