पार्किंगमध्येच होणारी सर्व्हिसिंग : सहा महिन्यांचा अनुभव

नोकरी, मुलीच्या शाळेची ने-आण आणि घरची कामे यांतून मोटारसायकलसाठी माझ्याकडे आठवड्यातून एकच वेळ उरते, ती म्हणजे रविवारची पहाट. साडेपाचला सिंहगड रस्त्याने निघून खडकवासला मागे टाकायचे, धरणाच्या पाण्याच्या कडेने पानशेत गाठायचे आणि साडेआठच्या आत घरी यायचे, कारण नऊला पत्नीचा क्लास असतो. गॅरेजमध्ये सकाळी टाकलेली गाडी संध्याकाळी मिळत असल्याने गेल्या वर्षी असे तीन रविवार बुडाले. म्हणून मी घरी येऊन काम करणाऱ्या आमच्या भागातल्या एका मेकॅनिकची सेवा घेऊ लागलो.

माझी गाडी पल्सर १५० आहे आणि ती १२ वर्षांची आहे. हा गृहस्थ शनिवारी रात्री आठला येतो. निघताना फोन करून तो इंजिन थोडा वेळ चालू ठेवायला सांगतो, कारण गरम झालेले तेल पातळ होते आणि आतली घाण घेऊन बाहेर पडते. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन खाली पुठ्ठा पसरायचा, मागचे चाक हाताने उलटे फिरवत रॉकेलच्या ब्रशने चेन घासायची आणि पुसून कोरडी झाल्यावर आतल्या बाजूने ल्यूब मारायचे, हा त्याचा ठरलेला क्रम. फिरत्या चाकाजवळ तो माझ्या मुलीला फिरकू देत नाही. टॉर्च धरण्याचा मान मात्र तिचाच. शेवटी तो हवा तपासतो : पुढे २५, मागे २८. पंपापर्यंत गाडी चालवत नेली की टायर तापून आकडा वाढलेला दिसतो, हे मला इतकी वर्षे गाडी चालवूनही ठाऊक नव्हते.

मजुरी ४५० रुपये. तेल आणि सुटे भाग वेगळे, आणि काढलेला जुना भाग न मागता हातात मिळतो. धुलाई मात्र होत नाही, क्लच प्लेट किंवा फोर्कचे ऑइल सील यांसारखी कामेही तो पार्किंगमध्ये करत नाही, आणि ते योग्यच आहे. तक्रार एकच : एकदा त्याने मागचे ब्रेक शू दुसऱ्याच मॉडेलचे आणले. नवे मिळेपर्यंत रविवारची दुपार झाली आणि पानशेतऐवजी मी भाजी आणायला गेलो. पुढच्या वेळी त्याने मजुरी घेतली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी होते, तेव्हा किमान पंधरा दिवस आधी सांगून ठेवावे. मी मेचा शेवटचा शनिवार आताच घेऊन ठेवला आहे.