आध्यात्मिक पारख शिकवणारे सहा शनिवार : सांगलीतील एका अभ्यासवर्गाविषयी

सांगलीतील एका ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात आध्यात्मिक पारख आणि निष्कपट विश्वास या विषयावर नुकताच सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग झाला. सायंकाळी ५ ते ७ ही वेळ आणि ३०० रुपये शुल्क होते. मी सहाही दिवस उपस्थित होते.

या वर्गाला जाण्यामागे घरचे कारण होते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे प्रार्थनेला आलेल्या एका बाहेरगावच्या प्रचारकाने ‘प्रभूने मला दाखवले आहे’ असे म्हणून माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. अकरा दिवस तिने गोळी घेतली नाही आणि बाराव्या दिवशी तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. ती बरी झाली. पण त्या अकरा दिवसांत घरातल्या कोणीही एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, कारण प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, अशीच आमची समजूत होती. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये ज्या मिरजेत रुग्णालय सुरू केले, तिच्या इतक्या जवळ राहून आम्ही असे वागलो, याचे मला आजही वाईट वाटते.

ही समजूत पहिल्याच शनिवारी दूर झाली. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (१७:११) बिरुया गावातील लोक खुद्द प्रेषित पौलाचे बोलणे शास्त्रात रोज पडताळून पाहत होते आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केली आहे. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते माझ्या घराला लागू होते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

तिसरा शनिवार मी विसरणार नाही. वर्गात विट्याकडचे एक वृद्ध गृहस्थ होते, ज्यांचे आयुष्य परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात गेले होते. शिक्षकांच्या सांगण्यावरून त्यांनी कसोटीचा काळा दगड आणला होता. त्यावर त्यांनी आधी आपली अंगठी आणि मग पितळेची एक कडी घासली. दोन्ही रेघा सारख्याच पिवळ्या दिसत होत्या. मग त्यांनी काचेच्या काडीने दोन्हींवर तेजाब लावले, तेव्हा पितळेची रेघ पाहता पाहता नाहीशी झाली आणि सोन्याची तशीच राहिली. त्यानंतर शिक्षकांनी १ थेस्सलनी ५:२१ वाचले: ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ येथील मूळ ग्रीक क्रियापद धातूची पारख करण्यासाठीही वापरले जात असे, असे त्यांनी सांगितले. त्याच्या लगेच आधीच्या वचनांत पवित्र आत्म्याला विझवू नका आणि देवाच्या नावाने दिलेल्या संदेशांना तुच्छ लेखू नका असे बजावले आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सोनाराला सोने हवे असते म्हणूनच तो ते घासून पाहतो, हे त्या वृद्धांचे एक वाक्य मला सगळ्या टिपणांपेक्षा अधिक उपयोगी पडले.

निष्कपट विश्वासाचा भाग २ तीमथ्य १:५ वर, म्हणजे पौलाचा सहकारी तीमथ्य याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासावर आधारलेला होता. ‘ढोंगी’ यासाठीचा ग्रीक शब्द मुळात रंगमंचावरील नटासाठी होता आणि निष्कपट म्हणजे ज्यात असे सोंग नाही ते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जेथे मराठी रंगभूमीचा आरंभ केला, त्या सांगलीत हे समजावून सांगायला फार शब्द लागले नाहीत. मात्र याच दिवशी शिक्षकांनी पारखीची दिशा आमच्याकडे वळवली. प्रचारकाचा शब्द आम्हांला का पटला, त्यात आमची भीती किती आणि गोळ्यांचा खर्च वाचण्याची इच्छा किती, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे होते. मला ते लिहिताना फार जड गेले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्यावरचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला. १५२१ च्या स्पेनमधील पॅम्प्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणावर पडले असताना, कोणत्या विचारांनंतर मनात समाधान टिकते आणि कोणत्या विचारांनंतर कोरडेपणा येतो, हे ते न्याहाळू लागले. या विषयाला एक पूर्ण शनिवार द्यायला हवा होता. टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या फिकट होत्या की वयस्कर मंडळींना त्या वाचता येत नव्हत्या. वर्ग बहुधा साडेसातपर्यंत लांबत असल्याने तासगावकडे जाणाऱ्यांना मधूनच उठावे लागे.

तरीही ज्यांच्या घरी ‘प्रभूने सांगितले’ असे म्हणणारे लोक येतात, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. आपले पवित्र शास्त्र आणि कोरी वही सोबत न्यावी. पुढचा वर्ग नाताळानंतर आहे आणि त्यासाठी आईने स्वतःहून नाव दिले आहे.