मोझॅक पॉलिश: कारेलीबागेतलं घर विकण्याआधी केलेला एक खर्च

आईबाबांचं बडोद्याच्या कारेलीबागेतलं टेनामेंट विकायचं ठरलं आणि पुण्याहून दादाचा फोन आला, "आधी जमीन बदलून घे. ती जुनी मोझॅक बघून गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल." दलालभाईंचंही तेच, "बेन, हवे तो बधा विट्रिफाइड ज मागे छे." (आता सगळे विट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चकचकीत लाद्याच मागतात.) म्हणून अडीच महिने मी दुकानं पालथी घातली. शेवटी नवीन काही टाकलं नाही, आहे तीच मोझॅक पॉलिश करून घेतली. बडोद्यात अशी जुनी घरं असलेले आपले पुष्कळ लोक आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

घर १९७४ चं. हॉल, दोन खोल्या आणि मधला पॅसेज मिळून ६४० चौरस फूट मोझॅक: राखाडी सिमेंट आणि त्यात पांढरी, काळी, थोडी विटकरी खडी. स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या ओटल्यावर कोटा दगडाची फरशी, ती ११० फूट.

विट्रिफाइडला नावं ठेवायची नाहीत मला. दुकानदाराने नीट वेळ देऊन समजावलं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे वर्दळीच्या जागी ती टिकते. ग्लेझ्डमध्ये डिझाइन वरवर छापलेलं असतं, पण नक्षी हवी तशी मिळते. मोरबीचा माल, दोन बाय दोनची लादी ४८ रुपये फूट. पण मिस्त्रीची मजुरी, अडेसिव्ह, स्कर्टिंग आणि मलबा उचलणं धरून आकडा ऐंशी हजारांवर गेला. खरी अडचण वेगळीच होती. जुनी जमीन फोडायची तर पंधरा दिवस धूळ आणि ठोकाठोक. न फोडता वरून लावायची तर जमीन बारा ते पंधरा मिलिमीटर वर येते. मी स्केल घेऊन प्रत्येक दाराखाली मोजलं. पाचपैकी चार दारं खालून तासावी लागली असती, सागवानाची, बाबांनी उभं राहून करवून घेतलेली. बाथरूमचा उंबरा तर जवळजवळ बुडालाच असता आणि पाणी खोलीत आलं असतं. दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, विचारावी लागते.

लॅमिनेटचं, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांचं, मात्र मला मनापासून वाईट वाटलं. एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला छातीठोकपणे सांगितलं की हे लाकूड 'पूर्ण वॉटरप्रूफ' आहे, आठ मिलिमीटर, दोन दिवसांत हॉल नवा. मी नमुन्याचा तुकडा मागून आणला आणि रात्री पाण्याच्या तांब्यात उभा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुडालेली कड भिजलेल्या टोस्टसारखी फुगली होती आणि वरचा पापुद्रा नखाने सुटत होता. आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो, तो पाणी पिणारच. बडोद्यात, तेही कारेलीबागेत, असं सांगून विकणं बरोबर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६ ची. आमच्या घरात नऊ इंच पाणी दोन दिवस होतं. समोरच्यांनी आदल्याच वर्षी लॅमिनेट बसवलं होतं. त्याच्या फळ्यांचा ढीग कितीतरी दिवस रस्त्यावर पडून होता. आमची मोझॅक चिखल धुतल्यावर होती तशीच होती.

तेव्हाच मनात आलं, जी जमीन पन्नास वर्षांनी पुरातूनही उठली, ती कशाला झाकायची?

पॉलिशवाले दोघं, काका-पुतणे, मूळचे राजस्थानातले, आता बडोद्यातच स्थायिक. आईच्या मैत्रिणीकडून कळले. दर मोझॅकला २२ रुपये फूट, कोट्याला १५. पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही. पातळ पात्याने सांधे खरवडले, निघालेल्या खडीची भोकं ब्रशने साफ केली. मग भरायचा लगदा: पांढरं सिमेंट, थोडं राखाडी, चिमूटभर काळा रंग. ओला असताना हुबेहूब दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. म्हणून काकांनी कोपऱ्यात तीन ठिपके लावले, त्यावर पंखा सोडला आणि दुपारी जेवून आल्यावर तिन्ही बघून मधला पसंत केला. त्या एका गोष्टीने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गोदरेजच्या कपाटाच्या पायांनी गंजाचे चार गोल डाग पाडले होते. दोन घासण्यात गेले, दोन खोलवर उतरलेले. बाजारात तशी लादी आता सहसा मिळत नाही, मिळाली तरी रंग जुळत नाही. काकांनी विचारलं, "कोठार कहाँ है?" कोठारात गव्हाच्या कोठीखालच्या पाच लाद्या त्यांनी अलगद उचलल्या, दोन इथे बसवल्या आणि कोठीखाली साधी सिमेंटची जमीन करून दिली. आता हात फिरवूनही कळत नाही.

घिसाई दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पाणी सोडून मशीन फिरत होतं, आधी भरड दगड, मग बारीक, मग डायमंडचे पॅड पन्नासपासून तीन हजार नंबरपर्यंत. हॉलच्या मधोमध आल्यावर पुतण्याने मशीन थांबवलं आणि मला हाक मारली, "बेन, अहीं हींचको हतो ने?" वर कड्या नव्हत्या, त्या आम्ही आधीच काढल्या होत्या. त्याला जमिनीवरून कळलं. बाबा रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून उजव्या टाचेने रेटा द्यायचे, तिथे वितभर लांबीचा खोलगट, निस्तेज पट्टा पडला होता. तो म्हणाला, सपाट करायचं तर आजूबाजूचं बरंच उतरवावं लागेल, वरचा खडीचा थर पाच-सहा मिलिमीटरच असतो, उगाच कशाला खायचा? राहू दे म्हटलं. चकाकी सगळीकडे सारखी आली. अनवाणी चाललं तर तेवढी जागा अजून पायाला लागते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला. खिडकीपाशी अर्धगोल ओरखडे चमकले. मला दिवसा ते दिसलेच नव्हते, त्यांनी मात्र सकाळी तेवढा भाग पुन्हा दोनशे नंबरपासून केला. आता ट्यूबलाइटची रेघ जमिनीत स्पष्ट दिसते. आई बघायला आली तेव्हा दारातच थांबली आणि म्हणाली, "अगं, यात विटकरी खडी होती हे मी विसरलेच होते."

तक्रारीही सांगते. तीन दिवसांचं काम चार दिवस चाललं. भिंतींवर दोन फुटांपर्यंत राड्याचे शिंतोडे उडाले, म्हणून रंगकाम आधी करू नका, नंतर करा. मी आधी केलं आणि हॉलला पुन्हा एक हात द्यावा लागला. तो राखाडी राडा मोरीत सोडू देऊ नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादल्या भरून बाहेर न्यायला आधीच सांगा. दारांमागची स्कर्टिंग त्यांनी तशीच सोडली होती, दाखवल्यावर हाताच्या मशीनने केली. एकूण खर्च १६,६३०, त्यात लाद्या बदलण्याचे ९०० धरून.

घराचा भाव पॉलिशमुळे वाढला असं मी म्हणणार नाही. पण आधीच्या दोन गिऱ्हाइकांनी "जमीन करावी लागेल" म्हणून दीड लाख कापायला सांगितले होते, नंतर कोणी जमिनीचं नावही काढलं नाही. ज्यांनी घर घेतलं ते वाघोडिया रोडच्या फ्लॅटमधलं जोडपं. त्यांचा पहिला प्रश्न, "पुराचं पाणी आत आलं होतं का?" मी हो म्हटलं आणि कोठाराच्या दारावर राहिलेली पाण्याची रेघ दाखवली. बायको वाकून बसली, तळहाताने लादी पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आ तो एवी ने एवी छे." (ही तर आहे तशीच आहे.) बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, गेल्या महिन्यात झालं.

काकांनी जाताना बजावलं होतं, खडी संगमरवराची आहे, ॲसिड, लिंबू, व्हिनेगर काही लावायचं नाही, साध्या पाण्याने पुसायचं. ते मी चिठ्ठीवर गुजरातीत लिहून काढलं आहे. कोठारातल्या उरलेल्या तीन लाद्या, काकांनी दिलेली लगद्याच्या रंगाची पुडी आणि ती चिठ्ठी माळ्यावर एकत्र ठेवली आहे. चावी देताना त्या जोडप्याला माळा दाखवायचा आहे.